मुलांना रानात, समुद्रावर आणि पुरात तग धरायला कसे शिकवावे?

रानजाई (ही चर्चा सुरू करणारी), मुलुंड

नमस्कार. गेल्या डिसेंबरमध्ये माझा नऊ वर्षांचा मुलगा कर्नाळ्याच्या जंगलात पाऊण तास एकटा होता. तो एका खासगी शिबिरासोबत गेला होता. शिबिराचे नाव येथे घेत नाही, कारण मला जिच्याबद्दल बोलायचे आहे ती चूक आमच्या घरातली होती. गड उतरताना तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तेवढ्यात पुढची मुले वळणाआड गेली आणि त्यांना गाठण्यासाठी धावत सुटलेला हा मुलगा एका ढोरवाटेला लागला. खाली मोजणी झाली तेव्हा एक मूल कमी भरले. शिबिरातले दोघे दादा आणि वाडीवरची एक मावशी हाका मारत पुन्हा वर गेले. त्या हाका त्याला ऐकू आल्या होत्या. तरीही तो करवंदीच्या जाळीमागे गप्प बसून राहिला, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे आम्हीच त्याला बालवाडीपासून शिकवले होते. शिट्टी त्याच्याजवळ होती, पण ती सॅकच्या तळाशी, डब्याखाली होती.

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. १९८१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचाच एक मुलगा वाट चुकला आणि मोठ्या शोधानंतर मृतावस्थेत सापडला. त्या शोधात उतरलेल्या काही लोकांनी पुढे लहान मुलांसाठी एक शिकवण तयार केली. वाट चुकली हे लक्षात येताच जवळचे एक झाड धरायचे आणि ते सोडायचे नाही, एवढाच तिचा गाभा आहे. शोधायला आलेली माणसे अनोळखी असली तरी त्यांच्यापासून लपू नये, हेही त्या मुलांना आवर्जून सांगितले जाते. हे वाचताना मला करवंदीची जाळी आठवली आणि पुढे वाचवेना.

तेव्हापासून आमच्याकडे एक खूणशब्द ठरला आहे. तो आम्ही तिघे सोडून कोणाला ठाऊक नाही आणि संकटात कोणी शोधायला निघालेच तर त्या माणसाला तो आम्ही सांगणार, हे मुलाला माहीत आहे. जंगलात किंवा गडावर मात्र खूणशब्दाचीही अट आम्ही ठेवलेली नाही. तेथे नावाने हाक आली की ओ द्यायची, मोठ्याने द्यायची आणि जागेवरूनच द्यायची.

माझा प्रश्न असा आहे. मुंबईत वाढणाऱ्या मुलांना आणखी काय शिकवावे, कोणत्या वयात शिकवावे आणि आधी काय, मागून काय? बाजारातील पुस्तकांत तंबू, चाकू आणि गारगोटीची आग यांनी सुरुवात होते. ती सुरुवात आपल्या मुलांसाठी मला योग्य वाटत नाही. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ढोरवाट, ठाणे

ताई, मुलगा सुखरूप आहे हे वाचून हायसे वाटले. मी वीस वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे आणि मुलांचे गटही नेतो. माझ्या अनुभवात चुकलेले मूल चालत राहते म्हणून अधिक चुकते. जिथे चुकलो तिथेच थांबलेले मूल बहुधा अर्ध्या-एक तासात सापडते, कारण शोधणारे मागच्या वाटेवरूनच येत असतात. त्यामुळे थांबणे हे पहिले कौशल्य आहे, आणि मोठ्या माणसांनाही ते अवघड जाते.

शिट्टी सॅकमध्ये ठेवू नये, सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधावी. डोंगरातील आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की एका मिनिटात सहा शिट्ट्या द्यायच्या, मग एक मिनिट थांबून ऐकायचे आणि पुन्हा सहा द्यायच्या. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या येतात. अमेरिकी पुस्तकांत तीन शिट्ट्या हाच संकटाचा संकेत असतो, म्हणून घरातल्या सर्वांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी. लहान मुलाला आकडा आठवला नाही तरी बिघडत नाही. शिट्टी वाजवायची, थांबून ऐकायचे, पुन्हा वाजवायची, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

बाजारातील पुस्तकांबद्दल तुम्ही लिहिले आहे त्यात एक महत्त्वाची भर घालतो. दुपारची सावली उत्तरेकडे पडते, असे त्यांतल्या परदेशी पुस्तकांत बिनदिक्कत लिहिलेले असते. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश आहे. १५ मेच्या आसपास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या आसपास भर दुपारी सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात आपली मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. मे महिन्याच्या सुट्टीचा दुसरा पंधरवडा नेमका त्यातच येतो. घड्याळाच्या काट्यावरून दिशा काढण्याची युक्तीही आपल्याकडे याच कारणाने फसते. त्याऐवजी मुलाला गच्चीवर न्या, एक काठी उभी करा आणि सकाळी व संध्याकाळी सावली कुठून कुठे सरकते ते खडूने आखून घ्या. सकाळची सावली पश्चिमेच्या बाजूला आणि संध्याकाळची पूर्वेच्या बाजूला पडते, एवढे वर्षभर खरे असते. रात्री ध्रुवतारा दाखवायचा असेल तर हात पूर्ण लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवायच्या. आपल्या अक्षांशावर तो साधारण तेवढ्याच उंचीवर दिसतो. शहराच्या उजेडातही तो सापडतो, फक्त उत्तरेची बाजू मोकळी हवी.

ओढ्यांबद्दल मी कठोर आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. डोक्यावर ऊन असले तरी वरच्या कड्यावर पाऊस पडत असू शकतो. पाण्याचा आवाज वाढला, स्वच्छ पाणी गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, की क्षणाचाही विचार न करता बाजूला आणि वर चढायचे. सामान तिथेच टाकायचे. मी मुलांकडून हे प्रत्येक ओढ्यावर करून घेतो. पाणी घोट्याएवढे असले तरी एक मूल केवळ पाणी पाहत उभे राहते आणि बाकीची ओलांडतात.

लालबागचा बाबा

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरी एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. शिबिराचे शुल्क परवडणारी मुले या शहरात थोडी आहेत. माझ्या मुलाचे रान म्हणजे आमचा रस्ता आहे.

२६ जुलै २००५ रोजी मी सहावीत होतो. शाळा कुर्ल्याला, घर चुनाभट्टीला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आम्हाला दुपारी दोनच्या सुमारास घरी सोडण्यात आले. त्या वेळी पाणी पोटरीपर्यंत होते, आणि वीस मिनिटांत ते माझ्या कमरेला लागले. आम्ही चार मुले एकमेकांचे दप्तराचे पट्टे धरून चाललो होतो. एका शिवणकारखान्यातील कामगारांनी वरून ओरडून आम्हाला थांबवले आणि जिन्यावरून आत ओढले. ती रात्र आम्ही कापडाच्या तागांवर काढली. घरच्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. त्या लोकांची नावे मला आजही माहीत नाहीत.

आज माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला मी पुराचेच धडे देतो. पाऊस कोसळत असेल तर शाळेत, दुकानात, स्टेशनात, जिथे असशील तिथे वरच्या मजल्यावर जा आणि रात्र झाली तरी तिथेच थांब. आई-बाबा येईपर्यंत घरी पोहोचण्याची घाई तुझ्याकडून कोणी अपेक्षिलेली नाही, हे मी तिला दर जूनमध्ये सांगतो. आम्ही त्या दिवशी चालत राहिलो ते आई रागावेल या भीतीने. तुंबलेल्या पाण्यात पाऊल टाकायचेच नाही, कारण खालचे झाकण उघडे आहे की नाही हे दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात या शहरातील एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, आणि ते तर प्रौढ, जाणते गृहस्थ होते. पाण्यात उभ्या असलेल्या विजेच्या खांबाला, फलकाला किंवा लोखंडी जाळीला हात लावायचा नाही. महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ आणि सर्व आणीबाणीसाठीचा ११२ हे दोन क्रमांक आणि माझा मोबाइल क्रमांक तिला पाठ आहेत. पाठ असणे आवश्यक आहे, कारण त्या रात्री फोन असलेले अनेक होते, पण आमच्यापैकी एकालाही शेजारच्या काकांचा नंबर आठवत नव्हता.

रानजाई

दादा, आपण लिहिले नसते तर माझ्या लक्षातच आले नसते की मुलाला जंगल शिकवताना मी त्याला शाळेतून घरापर्यंतचा पावसाळी रस्ता शिकवलेलाच नाही. पत्ता त्याला पाठ आहे, फोन नंबर नाही. आजच सुरुवात करते.

वेसावकर

आम्ही वेसाव्याचे कोळी. समुद्राविषयी येथे कोणीच लिहिले नाही आणि मुंबईत तर तोच सर्वांत जवळचा आहे, म्हणून लिहितो.

मुलाला पोहायला येते, एवढ्यावर विसंबून पालक निश्चिंत होतात. तलावातले पोहणे वेगळे आणि समुद्रातले वेगळे. आमच्याकडे मुलाला पोहण्याआधी पाणी वाचायला शिकवतात. भरती-ओहोटीचा हिशेब तिथीवरून होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. ओहोटी त्याच्या आधी आणि नंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा अंदाज आहे, त्यात तासभर पुढेमागे धरावे आणि छापील वेळापत्रकही पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी फार वर चढते आणि फार लांब उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी. पावसाळ्यातील उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जाते, त्या दिवशी मुलांना किनाऱ्यावर नेऊच नये. खडकांवर खेकडे पाहायला गेलेली मुले बहुतेक वेळा पुढून येणाऱ्या लाटेकडे पाहत असतात, आणि तोवर मागची वाट पाण्याखाली जाते. खडकावर चढण्याआधी परतीची वाट कोणती आणि ती किती वाजता बुडणार, हे मुलाच्या तोंडून वदवून घ्यावे.

लाटा फुटत असताना मधलाच एक पट्टा शांत दिसतो, तेथे पाणी गढूळ असते आणि फेस आत जाताना दिसतो. अनोळखी माणूस नेमका तोच पट्टा सुरक्षित समजून उतरतो. तेथे पाणी आत ओढत असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडायचे नाही. उताणे होऊन तरंगायचे, एक हात वर करायचा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर सरकायचे. मालाडच्या अक्सा किनाऱ्यावर इतके जीव गेले आहेत की तेथे मी माझ्या पुतण्यांनाही गुडघ्यापलीकडे जाऊ देत नाही. बुडणारे माणूस ओरडत नाही, हेही मुलांना सांगावे. त्याचे तोंड पाण्याच्या रेषेवर असते आणि आवाज फुटत नाही. मित्र असा दिसला तर स्वतः उडी न मारता दोरी, रिकामा कॅन, ओढणी, मिळेल ते फेकावे आणि जीवरक्षकाला बोलवावे.

पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. ते मेलेले दिसले तरी त्यांच्या दोऱ्यांना हात लावू नये. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला गेलेल्या कित्येकांना पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, लागला होता. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत नेला तर पाकट आधीच दूर सरकते. आमच्या घरात हे आजी नातवंडांना चालून दाखवते.

बालवैद्य, दादर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पाकट किंवा निळा जीव डसल्यास चोळू नये. निळ्या जीवाचे धागे कार्डाच्या कडेने काढून समुद्राच्याच पाण्याने धुवावे. दोन्ही दंशांत सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना बरीच कमी होते. पाणी आधी मोठ्याने स्वतःच्या हातावर तपासावे आणि नंतर रुग्णालय गाठावे.

सर्पदंशाबाबत जुन्या चित्रपटांनी जे शिकवले ते मुलांच्या मनातून पुसून टाकावे लागते. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही, बर्फ लावायचा नाही. चावलेला भाग हलवायचा नाही, अंगठी, कडे, बांगडी काढून टाकायची आणि १०८ची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन थेट रुग्णालयात जायचे. मुलाने पळत सुटून सांगायला जाऊ नये, त्याने जागेवर बसून ओरडावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, आणि ते बनवणाऱ्या संस्थांपैकी एक आपल्या परळची हाफकिन आहे. त्यामुळे साप पकडण्याच्या किंवा त्याचे छायाचित्र काढण्याच्या भानगडीत पडून वेळ घालवू नये. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून गडावर किंवा गावी जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोट दुखते, पापण्या जड झाल्या असे म्हणाले, तर ते गांभीर्याने घ्यावे. विंचवाच्या बाबतीत कोकणाला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे ऋण आहे. त्यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिला आणि पूर्वी ज्यात मुले दगावत, तो दंश आज वेळेवर उपचार मिळाल्यास बरा होतो. बूट घालण्याआधी झटकणे ही सवय चार वर्षांच्या मुलालाही लागते.

आमच्याकडे सर्वाधिक येणारी विषबाधा मात्र सापाची नसून बियांची असते. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, एक मूल खाते आणि मग दहा खातात. ओळखीच्या मोठ्या माणसाने हातात दिल्याशिवाय रानातले काहीही तोंडात घालायचे नाही, हा नियम करवंद-जांभळांनाही लावावा. एखादे मूल एक दिवस अन्नाशिवाय सहज राहते. ते उपाशी मरेल या कल्पनेने त्याला रानमेवा ओळखायला शिकवण्यापेक्षा पाणी जपून न ठेवता तहान लागेल तसे प्यायला शिकवा. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंडही होत नाही. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ हे प्रमाण दहा वर्षांच्या मुलाला स्वतः करता आले पाहिजे. मूल बडबडू लागले, त्याचा तोल जाऊ लागला, तर ते लाडात आले असे समजू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मदत बोलवावी.

निशिगंध, बोरिवली

मला एका गोष्टीची काळजी वाटते. मी मुलीला बिबट्याविषयी सांगितले आणि त्यानंतर पंधरा दिवस ती रात्री खिडकीजवळ झोपायला तयार नव्हती. आमची इमारत राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीजवळ आहे, त्यामुळे सांगणे टाळताही येत नाही. सात वर्षांच्या मुलाला भीती न घालता हे कसे सांगावे?

ढोरवाट

ताई, माझ्या मते भीती माहितीने वाढत नाही, करण्यासारखे काही हातात नसले की वाढते. बिबट्या असतो, एवढेच सांगितले तर मुलाच्या हाती काही उरत नाही. त्याऐवजी तिला कामे द्या. संध्याकाळनंतर आवारात जाताना टॉर्च धरण्याचे काम तिचे, गप्पा किंवा गाणे चालू ठेवण्याचे काम तिचे, कचऱ्याचा डबा बंद आहे का ते पाहण्याचे कामही तिचे. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, ही साखळी मुलांना लगेच कळते आणि आवडते. दिसलाच तर धावायचे नाही, पाठ फिरवायची नाही, हात वर करून मोठे दिसायचे आणि मोठ्याने ओरडत सावकाश मागे सरकायचे. ओणवे किंवा उकिडवे बसलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते, म्हणून अंधारात एकट्याने उघड्यावर बसू नये.

रानजाई ताई, यामुळे तुमच्या झाड धरण्याच्या नियमातही थोडा बदल करावा लागेल. आपल्या जंगलात मुलाने झाडाला पाठ लावून उभे राहावे आणि आवाज करत राहावे, लपून बसू नये. गडगडाट सुरू झाला तर एकट्या उंच झाडाखाली थांबू नये. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीस मोजण्याच्या आत गडगडाट झाला, तर मोकळे पठार, सुळका, पाण्याचे टाके सोडून खाली उतरायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात हे फार महत्त्वाचे आहे. नियम का आहे हे कळलेल्या मुलालाच दोन नियम एकमेकांना आडवे आल्यावर निवड करता येते.

निशिगंध

टॉर्चचे काम तिला आजपासून देते. आणखी एक विचारते. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला आग पेटवायला शिकायचे आहे. कुठे शिकवावे?

ढोरवाट

राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात आग लावणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि जानेवारीनंतर सह्याद्रीतील वाळलेल्या गवतात एक ठिणगी आख्खा डोंगर जाळते. त्यामुळे गच्चीवर किंवा गावच्या अंगणात, शेगडीत किंवा तीन दगडांच्या चुलीत शिकवा. पेटवण्याआधी शेजारी पाण्याची बादली ठेवायची, सुती कपडे घालायचे, आणि विझवल्यावर राखेत हात धरता येईल इतकी ती थंड झाली आहे का ते त्यानेच पाहायचे. मी मुलांना विझवणे आधी शिकवतो. चाकूचेही तसेच. घरी काकडी नीट चिरता येईपर्यंत गडावर चाकू हातात देत नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. काल आमच्या सोसायटीच्या बागेत सहा मुलांसोबत पहिला सराव केला. प्रत्येकाने एकेक झाड निवडले, आम्ही पालक दिसेनासे झालो, आणि मुलांनी शिट्टी, शांतता, शिट्टी असा क्रम धरला. ठरवले होते दहा मिनिटे, पण पाचव्या मिनिटाला सर्वांत लहान मुलगा रडू लागला, म्हणून आम्ही बाहेर आलो. पुढच्या वेळी तीन मिनिटांनी सुरुवात करू. शेजारच्या इमारतीतील एका काकांना, म्हणजे मुलांना अनोळखी असलेल्या माणसाला, मुद्दाम हाक मारायला सांगितले होते. माझ्या मुलाने ओ दिली. आवाज बारीक होता, पण त्याने दिली.

शिट्टी हरवली तर काय करायचे, असे त्याने विचारले. दोन दगड एकमेकांवर आपटून पाहिले, तो आवाज बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्पष्ट पोहोचतो. बाटलीवर दगड मारून पाहिला, तो पोहोचत नाही.

वेसावकर दादा, येत्या रविवारी षष्ठी आहे आणि मुलांना खडकाळ किनारा दाखवायचा विचार आहे. मुलाने स्वतः हिशेब केला आहे. सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वादहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आम्ही नऊला पोहोचावे असे त्याचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

वेसावकर

हिशेब बरोबर आहे. वेळापत्रकाशी एकदा ताडून पाहा. नऊला पाणी उतरत असेल, तेव्हाच खडकावर जा आणि अकराच्या आत वाळूवर परत या. शेवाळलेल्या दगडावर चप्पल घसरते, बूट घाला. मी त्या दिवशी सकाळी बंदरावरच असेन, मुलांना जाळी विणताना पाहायची असतील तर घेऊन या.